तिसरं पातेलं कुठल्या चुलीवर ठेवू? सांगली जिल्ह्यासाठी अन्नधोरण सल्लागार परिषद हवी

येरळाकाठ
मंगळवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. जरा मोठं लिहितेय, पण शेवटपर्यंत वाचा आणि मत द्या ही विनंती.

मी खानापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पट ८७. पोषण आहाराचं रजिस्टर गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. तांदूळ किती आला, किती शिजवला, किती शिल्लक, आज चव कोणी घेतली, हे रोज लिहायचं. स्वयंपाकाला एक काकी आहेत आणि जोडीला एक मदतनीस. काकी पंधरा वर्षं हेच काम करतायत. मानधन महिन्याला २,५०० रुपये, तेही वर्षातले दहा महिने.

२०२४ च्या जूनमध्ये शासन निर्णय आला. ताटात आता तीन पदार्थ द्यायचे: भाताचा एक प्रकार, मोड आलेलं कडधान्य, आणि गोड म्हणून खीर किंवा नाचणीचं सत्त्व. वाचताना मला खरोखर आनंद झाला. रोजच्या पिवळ्या भाताला पोरं कंटाळलेली असतात. मी तो कागद काकींना वाचून दाखवला. हात पदराला पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाई, तिसरं पातेलं कुठल्या चुलीवर ठेवू?"

आमच्याकडे दोन बर्नरची शेगडी आहे. एकावर भात, एकावर आमटी. जेवणाची सुट्टी ठरलेल्या वेळेला व्हायलाच लागते. पहिल्या दिवशी काकींनी भात उतरवून घाईघाईनं खीर चढवली. आच कमी करायला वेळच नव्हता. घंटा झाली, पोरं ताटं घेऊन रांगेत बसली, आणि खीर बुडाला लागली. करपल्याचा वास व्हरांड्यापर्यंत आला. पहिलीतल्या पोरांनी तीही चाटूनपुसून खाल्ली. काकी त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढे गोडाचं ऐच्छिक झालं आणि साखर लोकसहभागातून जमवायची असं आलं. म्हणजे दर वेळी गावात कोणापुढे तरी हात पसरायचा.

निर्णयामागचा हेतू चांगलाच होता, माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझं दुखणं एवढंच, की तो ठरला तेव्हा रोज पातेलं चढवणारं एकही माणूस तिथं बसलेलं नव्हतं. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या पोराला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० आणि २०. हे आकडे मला पाठ आहेत. ते ताटात कसे उतरतात ते मात्र काकींना माहीत आहे.

रेशन, अंगणवाडी, शाळेचा आहार, शिवभोजन थाळी, बाजार समिती, भेसळ तपासणी ही सगळी एकाच ताटाची कामं. पण खाती वेगळी, साहेब वेगळे, बैठका वेगळ्या. म्हणून माझं म्हणणं असं, की शासनानं जिल्हा पातळीवर अन्नधोरण सल्लागार परिषद नेमावी आणि सुरुवात आपल्या सांगलीपासून व्हावी. तिच्यात स्वयंपाकी, अंगणवाडी सेविका, रेशन दुकानदार, कार्डधारक बाया, कोरडवाहू शेतकरी, ऊसतोड मजूर यांची निम्मी तरी संख्या असावी. आणि एक अट कागदावर लिहून घ्यावी: परिषदेचा सल्ला मानलाच पाहिजे असं नाही, पण नाही मानला तर का नाही, ते तीस दिवसांत लेखी कळवायचं. ते पत्र प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांना हे पटत नाही त्यांनी आवर्जून लिहा.

दंडोबा
मंगळवार, रात्री १०.२५

ताई, खीर वाचून पोटात कालवलं. पण मी तुमच्या विरोधी बाजूनं सुरुवात करतो, कारण मी आमच्या रेशन दुकानाच्या दक्षता समितीत पाच वर्षं होतो.

अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याच्या २९व्या कलमात दक्षता समित्या सांगितल्या आहेत: राज्याला, जिल्ह्याला, तालुक्याला आणि थेट प्रत्येक दुकानाला. त्यात अनुसूचित जाती-जमातीची माणसं, बाया, निराधार, दिव्यांग यांना जागा द्यायची असंही लिहिलंय. २८व्या कलमात सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोर हिशेबाची तपासणी, आहे. म्हणजे कायद्यात काय नाही? सगळं आहे.

आणि प्रत्यक्षात काय व्हायचं? महिन्याच्या शेवटी दुकानाचा पोरगा रजिस्टर घेऊन घरी यायचा. "सही करा, साहेबांनी मागितलंय." पहिल्या वर्षी मी वाचून सही केली. दुसऱ्या वर्षी न वाचता. तिसऱ्या वर्षी मी शेतात असलो तर बायको माझं नाव लिहून द्यायची. पाच वर्षांत बैठका झाल्या दोन, त्यातली एक चहापुरती. मला याची आजही टोचणी आहे. त्या काळात आमच्याच आळीतल्या एका म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता आणि ती चार महिने रिकाम्या पिशवीनं परत जात होती. मी त्या दुकानाच्या समितीचा सदस्य, आणि मला ते तिच्या सुनेकडून कळलं.

तेव्हा आणखी एक समिती म्हटलं की माझा विश्वास बसत नाही. तुमच्या अख्ख्या पोस्टमधली एकच गोष्ट मला नवीन वाटली, ती म्हणजे तीस दिवसांत लेखी उत्तर. आम्हाला कोणी कधी उत्तर दिलं नाही आणि आम्हीही मागितलं नाही. ती अट निघाली तर परिषद करू नका, आहे तेच रजिस्टर फिरू दे.

माणदेशी शाळू
बुधवार, सकाळी ६.५०

मी पलीकडचा, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. पण आमचं नि आटपाडीचं सुखदुःख एकच हाय, म्हणून लिवतो.

आमच्या रानात पिकतंय शाळू, बाजरी, हुलगा, मटकी. आन् रेशनला आम्हाला येतंय काय, तर पंजाब-हरयाणाचा गहू आन् कुठनं कुठनं आलेला तांदूळ. पोरं शाळंत भात खात्यात, घरी रेशनचा भात खात्यात, आन् भाकरी नको म्हणत्यात. आमची आई म्हणायची, भाकरी खाल्ली की दुपारपातूर भूक लागत न्हाई. आता दहाला जेवलं की पोरगं बाराला बिस्कीट मागतंय.

अन्न कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोनं द्यायचं व्हतं, आता तर सगळंच फुकट. मग आमची बाजरी आमच्याच रेशनला का येत न्हाई? माझा हिशेब ऐका. शाळू सरकारला हमीभावानं कोण घालणार न्हाई. २०२४-२५ ला मालदांडी शाळूचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ व्हता आन् चांगला शाळू बाजारात त्याच्या वर जातोय. पर बाजरीचं तसं न्हाई. तवा तिचा हमीभाव २,६२५ व्हता आन् सुगीत व्यापारी कमीनंच मागतोय. म्हणून शाळूच्या मागं लागू नका, बाजरी घ्या. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जत हितंच घ्यायची आन् हितल्याच दुकानाला द्यायची. गाडीभाडं वाचंल. पर एक ध्येनात ठेवा, बाजरीचं पीठ लई दिवस टिकत न्हाई, कडू पडतंय. दाणाच द्या, पीठ नगं.

हे मुंबईत बसून कुणाला सुचणार? त्यांचं काय चुकलं असं मी म्हणत न्हाई. बाजरीचं पीठ कडू पडल्यालं त्यांनी कधी खाल्लंच नसंल.

येरळाकाठ
बुधवार, दुपारी २.१५

दादा, तुमची पोस्ट मी आत्ता सुट्टीत काकींना वाचून दाखवली. मी म्हटलं, शाळेत बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी दिली तर? त्या म्हणाल्या, "८७ पोरांच्या भाकरी दोघींनी थापायच्या तर पहाटे चारला यायला लागंल. भाकरी नको. कण्या करा."

ज्वारी भरडून तिच्या कण्या. भाताच्याच पातेल्यात, भाताच्याच वेळेत शिजतात. वरून ताक किंवा आमटी. आठवड्यातून एकदा हुलग्याचं माडगं, तेही एकाच पातेल्यात. "लहानपणी आमच्यात कण्या म्हणजे गरिबाचं खाणं, म्हणून लोकांनी सोडलं," असं म्हणाल्या. तिसऱ्या पातेल्याशिवाय ताटात बदल करता येतो, याचं उत्तर आमच्या शाळेतच होतं. मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं, हे मला आज कळलं.

टोरांटोत सांगलीकर
बुधवार, रात्री ११.३०

ताई, मी मूळची विश्रामबागची, गेली बारा वर्षं टोरांटोत. इथला अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

टोरांटो शहराची अन्नधोरण परिषद १९९१ मध्ये सुरू झाली. ती शहराच्या आरोग्य मंडळाशी जोडलेली होती. त्याच्याही आधी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या नॉक्सव्हिल शहरानं पहिली अशी परिषद केली होती. कॅनडा सरकारनं २०१९ च्या जूनमध्ये देशाचं पहिलं अन्नधोरण जाहीर केलं आणि २०२१ मध्ये त्यासाठी सल्लागार परिषद नेमली. सदस्य २३. शेतकरी, अन्न प्रक्रियावाले, पोषणाचे अभ्यासक, भुकेच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्था, मूळ रहिवासी समाजाची माणसं, सगळे एका टेबलाशी.

मला भावलेली गोष्ट वेगळी आहे. या देशात शाळेत जेवण देण्याची देशपातळीवरची योजनाच नव्हती. २०२४ मध्ये पहिल्यांदा जाहीर झाली, पाच वर्षांसाठी एक अब्ज डॉलर. आणि आपल्याकडे? सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला सांगितलं, की शाळेत शिजवलेलं अन्न द्या, आणि आपण ते देतोय. या बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत. त्यांच्याकडे आहे ते टेबल आणि आपल्याकडे आहे ते पातेलं. मला मनापासून वाटतं, की दोन्ही एकत्र यावं.

तळावरची ताई
गुरुवार, सकाळी ८.०५

वाळवा तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या तळांवर मी आठ वर्षं काम करते. येरळाताईंनी ऊसतोड मजूर यादीत घेतले म्हणून लिहावंसं वाटलं. एरवी कोणत्याच यादीत ती नसतात.

दिवाळीच्या आसपास बीड आणि इतर भागांतून कोयते येतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हलता येत नाही. पहाटे चारला बाई उठते, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करते आणि फडात जाते. लहान पोर तिच्याबरोबर, उसाच्या पाचटात झोपवलेलं.

आता रेशनचं ऐका. कार्ड गावाकडं. "एक देश, एक रेशन कार्ड"मुळे इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळायला हवं, आणि कधी कधी मिळतंही. पण गावात सासू राहिलेली असते. इथं सगळं उचललं तर तिला काय? कुटुंबाचं धान्य वाटून, थोडं इथं आणि थोडं तिथं घेता येतं, हे मला कळायलाच दोन हंगाम गेले. मग त्या बाईला कोण सांगणार? आणि दुकानात गेलं तर, "आमच्या कार्डापुरताच माल आलाय, दहा दिवसांनी या." दहा दिवसांनी टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते.

गेल्या हंगामात एक सात महिन्यांची गरोदर बाई माझ्याकडं आली होती. तिच्या गावच्या अंगणवाडीत तिचं नाव होतं. इथल्या अंगणवाडीच्या हजेरीत नव्हतं. सेविका चांगली होती, स्वतःच्या घरातून शेंगदाणे आणि गूळ दिला तिनं. पण हे असं सेविकेच्या मनावर किती दिवस चालवायचं? कायद्यानं त्या बाईला जेवण आहे, आणि निदान सहा हजारांचा मातृत्व लाभ आहे. कायदा तिच्या बाजूनं आहे. तो तिच्या गावी आहे आणि ती आमच्या तळावर, एवढाच काय तो घोळ.

परिषद झाली तर कोयत्यातली एक बाई त्यात पाहिजे. हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, एक तरी बैठक तळावर घ्या. फडातली बाई जिल्ह्याच्या गावी येऊ शकत नाही, तिचा दिवस बुडतो.

कृष्णाकाठचा दुकानदार
गुरुवार, दुपारी १.००

मी रेशन दुकानदार आहे. इथं बरेचदा आम्हाला चोर म्हणूनच सुरुवात होते, या वेळी ताईंनी आम्हाला यादीत घेतलं, आभार.

आमचं कमिशन बरीच वर्षं क्विंटलमागं १५० रुपये होतं. त्यात दुकानभाडं, वीज, हमाली, पोराचा पगार. आमच्याकडं पोतं येतं ते वजनानं उतरवून घ्यायचं असतं, पण गाडीवाल्याला पुढं जायची घाई. पोत्यात किलो-दीड किलो कमी निघालं तर ते माझ्या डोक्यावर. मी ते सहन करतो किंवा गिऱ्हाइकाच्या मापात काढतो. सगळे दुकानदार दुसरंच करतात असं नाही, पण हा दबाव कुठून येतो ते कधी तरी ऐकून घ्या.

दुसरी गोष्ट इष्टांकाची. किती माणसांना धान्य द्यायचं याचा आकडा २०११ च्या जनगणनेवर बेतलाय. राज्याला साधारण सात कोटी माणसांची मर्यादा. ग्रामीण भागात वर्षाचं उत्पन्न ४४,००० च्या आत पाहिजे, शहरात ५९,०००. रोज मजुरीवर जाणारी दोन माणसं घरात असली तरी ४४,००० ओलांडतात. आणि जे खरोखर आत बसतात, त्यांनाही "इष्टांक संपलाय" असं मला सांगावं लागतं. सुनेचं नाव चढत नाही, नातवाचं चढत नाही. ती माणसं माझ्यावर चिडतात. बरोबरच आहे, त्यांच्यासमोर उभा असतो तो मीच.

दंडोबा साहेब, तुम्ही लिहिलेल्या म्हातारीसारख्या माझ्या दुकानात तीन आहेत. मी त्यांच्या घरच्या दुसऱ्या माणसाचा अंगठा घेऊन देतो. एकट्या राहणाऱ्या एकीचा मात्र डोळ्याच्या मशीनशिवाय इलाज नाही.

विसापूर
गुरुवार, रात्री ९.१०

मी तासगाव तालुक्यातला, वय ७४. नात टाइप करतेय, मी सांगतोय.

"मुंबईत ठरतं आणि गावात उतरतं" असं सगळे म्हणताय. आपल्याच जिल्ह्यात याच्या उलटं घडलेलं आहे, ते तरुण मंडळींना माहीत नसेल. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, १९६० ते १९७८. रोजगार हमीचा पहिला प्रयोग त्यांनी १९६५ मध्ये विसापूरला केला. मागेल त्याला काम, ही कल्पना एका तालुक्यातल्या गावांत करून पाहिली, खर्च किती येतो, माणसं किती येतात ते मोजलं. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि राज्यभर ती योजना उभी राहिली. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला. आणि २००५ ला देशानं रोजगार हमीचा कायदा केला, त्याचं मूळ महाराष्ट्रात, म्हणजे इथं आहे.

७२ ला मी विशीत होतो. खडी फोडायला जायचो. हातोडीचा घट्टा अजून तळव्यावर आहे. दुपारी सुकडी मिळायची. घरी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापली की तुटायची, कडेनं चिरा जायच्या. आमची आई गरम पाण्यात पीठ मळून कशीबशी जमवायची. पोट भरलं, जीव वाचला, हे मी विसरत नाही. पण त्या वेळी आईला कोणी विचारलं असतं की या मिलोचं काय करता येईल, तर तिनं चार गोष्टी सांगितल्या असत्या. तिनं त्याच्या कण्याच करायला सुरुवात केली होती. ती काकी म्हणते तेच.

म्हणून माझं सांगणं, आधी राज्याची परिषद, मग जिल्ह्याची, असं करू नका. दोन तालुक्यांत करून बघा. एक जत किंवा आटपाडी, एक वाळवा. कोरडा एक आणि बागायती एक. वर्षभर चालवा, हिशेब ठेवा. पागेसाहेबांनी हिशेब ठेवला होता म्हणून त्यांचं ऐकलं गेलं.

पलूसची सून
गुरुवार, रात्री १०.४५

आजोबा, नमस्कार. मी फक्त पुराचं लिहिते, कारण ते अजून कोणी लिहिलं नाही.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आम्ही नदीकाठच्या गावातून बाहेर पडून एका शाळेत राहिलो होतो, साधारण तीनशे माणसं. लोकांनी भरभरून पाठवलं, त्यांचे उपकार आहेत. पण काय आलं? बिस्किटं, ब्रेड, फरसाण, बिस्किटं. चौथ्या दिवशी एका वर्गात ब्रेडची चळत छातीपर्यंत लागली होती आणि खालच्या पुड्यांना हिरवी बुरशी धरलेली. त्याच वर्गाच्या दाराशी माझी जाऊ आठ महिन्यांच्या पोराला घेऊन बसलेली. तिचं दूध आटलं होतं. तीनशे माणसांत बाळाला देता येईल असं काहीही नव्हतं. मीठ नव्हतं. साखरेची सासूबाईंना बंदी, त्या तीन दिवस कोरडा ब्रेड खात होत्या.

मग गावातल्या बायांनी मिळून कोणाकडून तरी मोठी शेगडी आणि तांदूळ-मूगडाळ मिळवली आणि पातळ खिचडी केली. बाळालाही तीच, गाळून. पाचव्या दिवशी पहिल्यांदा सगळी झोपली.

२००५ ला पूर आला होता. २०१९ ला आला, २०२१ ला परत. म्हणजे येणार हे माहीत आहे. बोटी कुठं, छावण्या कुठं, याचा आराखडा असतो. कोणत्या शाळेत किती डाळ-तांदूळ, मीठ, सिलिंडर, बाळांचं काय, मधुमेहाच्या माणसांचं काय, हे मेमध्येच ठरलेलं हवं. परिषदेनं दरवर्षी एवढं एक काम केलं तरी माझं मत तिच्या बाजूनं.

हरिपूरचं पेव
शुक्रवार, सकाळी ७.३०

पलूसच्या ताईंशी पूर्ण सहमत. २००५ च्या पुरात आमच्या हरिपूरची हळदीची पेवं गेली. जमिनीखाली साठवण करण्याची पिढ्यांची पद्धत पाण्यात बुडाली. अन्नधोरण म्हटलं की सगळे वाटपाचं बोलतात, साठवणुकीचं कोणी बोलत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तालुक्याच्या गावी बाजरी-ज्वारी कोरडी ठेवायला चांगलं गोदाम नसेल तर माणदेशी दादांची बाजरी दुकानापर्यंत पोचायच्या आत तिला टोके लागतील. यादीत साठवणूक घाला.

कलम आणि कायदा
शुक्रवार, रात्री ८.२०

मी वकिली करतो, मिरजेत. भावना सगळ्या पटल्या, आता हे कागदावर कसं बसवायचं ते सांगतो.

राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदानं लोकांचं पोषणमान उंचावणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य ठरवलंय. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे देण्याच्या २९ विषयांत २८वा विषय सार्वजनिक वितरण व्यवस्था हाच आहे. म्हणजे ग्रामसभेनं यात बोलणं म्हणजे लुडबूड नाही, तिचा तो विषयच आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या १२व्या कलमात रेशनवरच्या वस्तूंत काळानुसार विविधता आणण्याचं सांगितलंय. बाजरीची मागणी त्या कलमाखाली करा. १६व्या कलमाखालचा राज्य अन्न आयोग सरकारला सल्ला देऊ शकतो, पण एक अध्यक्ष, पाच सदस्य, एक सदस्य-सचिव आणि सगळं राज्य. जिल्ह्यातून त्यांच्यापर्यंत काही पोचेल अशी वाट हवी. ती वाट ही परिषद होऊ शकते.

सल्लागार परिषदेची ताकद कशात असते, यासाठी दोन उदाहरणं. दिल्लीत राष्ट्रीय सल्लागार परिषद २००४ मध्ये झाली. अन्न सुरक्षा कायद्याचा पहिला आराखडा घडण्यात तिचा मोठा वाटा होता. सरकार बदललं आणि २०१४ ला ती संपली. ब्राझीलची अन्नसुरक्षा परिषद १९९३ मध्ये सुरू झाली, १९९५ ला बंद, २००३ ला पुन्हा सुरू. दोनतृतीयांश सदस्य समाजातून, अध्यक्षही समाजातलाच. २००९ मध्ये तिथं कायदा झाला, की शाळेच्या आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के वाटा लहान शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यावर खर्च करायचा. माणदेशी दादा जे मागतायत ते तिथं कायद्यात आहे. आणि तरीसुद्धा १ जानेवारी २०१९ ला नवं सरकार आलं आणि पहिल्याच दिवशी परिषद रद्द केली. २०२३ ला ती परत आली. ती परत यावी म्हणून लोकांनी चार वर्षं लावून धरलं, हे महत्त्वाचं.

म्हणून माझा सल्ला: नुसत्या परिपत्रकावर समाधान मानू नका. सुरुवात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं किंवा जिल्हा नियोजन समितीच्या माध्यमातून होऊ दे, विसापूरचे आजोबा म्हणतात तशी दोन तालुक्यांत. पण राज्याकडे कायद्यातल्या तरतुदीची मागणी पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि सदस्यांना दिवसाचा भत्ता व प्रवासखर्च लिहून घ्या. मजुरी बुडवून कोणी दुसऱ्यांदा येणार नाही.

दंडोबा
शुक्रवार, रात्री ९.००

माझं मत बदललं. एक दुरुस्ती सुचवतो: माझ्यासारखे, आधी समितीत राहून नुसत्या सह्या केलेले, यांना पहिल्या परिषदेत घेऊ नका. नवी माणसं घ्या. मी बाहेरून रजिस्टर वाचायचं काम करीन, दर महिन्याला, पगाराशिवाय. आणि त्या म्हातारीकडं उद्याच जातो.

येरळाकाठ
रविवार, संध्याकाळी ६.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायचा ठराव आम्ही काल बसून लिहिला. मी, काकी, अंगणवाडीच्या सेविका आणि गावातले दोन शेतकरी. मसुदा साध्या भाषेत एका पानात बसवलाय. जत किंवा आटपाडी आणि वाळवा या दोन ठिकाणी वर्षभराचा प्रयोग, बाजरी दाण्याच्या रूपात स्थानिक खरेदीनं, शाळेत आठवड्यातून दोन दिवस कण्या, पुराच्या गावांसाठी मेमध्ये धान्याचा आराखडा, हंगामात तळावर बैठक, साठवणूक, सदस्यांना भत्ता, आणि तीस दिवसांत लेखी उत्तर. दुकानदार दादांचा पोत्याच्या वजनाचा मुद्दाही घेतलाय. आधी काही जण तयार नव्हते, पण सेविका म्हणाल्या, अंगणवाडीच्या पोत्यातही तसंच कमी निघतं. मग एकमत झालं.

ज्यांना आपल्या गावात मांडायचा आहे त्यांनी इथंच कळवा, मसुदा टाकते.

सगळं वाचून झाल्यावर मी काकींना विचारलं, यात तुमचं काही राहिलं का. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "बैठकीची वेळ लिहिली न्हाई तुम्ही. सकाळी अकराला ठेवू नका, तवा माझा भात चुलीवर असतोय." ठरावाच्या शेवटी तेवढी ओळ वाढवली: बैठक दुपारी तीननंतर.